मुद्देमाल क्रमांक सात

शिवडीच्या कोर्टात मी दुभाषी. एकवीस वर्षं.
काम एवढंच,
या तोंडातून निघालेलं
त्या कानात न सांडता ओतायचं.

परवा मुद्देमाल क्रमांक सात फोडला.
खाकी पाकीट, लाखेचा शिक्का,
पंचांच्या सह्या, त्यातली एक अंगठ्याची.
आत पातं. मुठीला सुतळी, सुतळीला काळपट तेल.
पंचनाम्यात लिहिलेलं :
‘लोखंडी चॉपर एक नग, लांबी मुठीसह साडेतेरा इंच.’

दिल्लीहून आलेले मोठे वकील चष्मा काढून म्हणाले,
चॉपर? म्हणजे हेलिकॉप्टर?
कोर्ट हसलं. पोलीस शिपाईसुद्धा.
साहेब हसले नाहीत. म्हणाले,
दुभाषी, अर्थ सांगा.

इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगायचा, मी.
इथे नांदून नांदून जून झालेल्या सुनेची
तिच्याच आईशी नव्याने ओळख करून द्यावी
तसा उभा राहिलो.

जुहूवरून उडतो तोही चॉपरच, हवा कापतो.
माझ्या ओट्यावरचाही चॉपर, पोपटी प्लास्टिकचा,
दोरी तीनदा ओढली की कांदा बारीक.
सुनीती त्याला रोज नावाने हाक मारते,
अजून कोणी गुन्हा नोंदवलेला नाही.
आणि तिसरा, सांजदैनिकाचा. ‘चॉपरने वार’,
दोन कॉलम, खाली जाहिरात बनियनची.
पण आमच्या चाळीतला हेमू सकपाळ
शर्टाच्या आत, पाठीच्या कण्याला लावून जे फिरवायचा
त्याला तो चॉपर म्हणाल्याचं आठवत नाही.
तो म्हणायचा, सामान.
चॉपर म्हणायचे हवालदार, वार्ताहर,
आणि मग आम्ही, घाबरून, वाचून वाचून.

साक्षीदार जैनुद्दीन परकार, वय एकसष्ट,
धंदा मटणाचा, राहणार दारूखाना.
त्याने पातं हातात घेतलं
आणि अंगठा आपोआप मुठीतल्या खळग्यात जाऊन बसला.
‘सायब, हा माझा सत्तूर. बापाचा.
साडेतेरा नाय, चौदाचा होता.
अर्धा इंच धार लावून लावून गेला.
लाकडावर पडलेला, पोराने तिथूनच उचलला.’

पोरगा आरोपीच्या पिंजऱ्यात. मुनाफ. एकोणीस.
खिमा चांगला मारायचा म्हणतात.
समोरच्याची तीन बोटं गेली, माणूस वाचला.

मी भाषांतर केलं. आणि करता करता
जीभ अडकली, कारण मला दिसलं
की सत्तूर हाताशी असतो,
चॉपर सोबत आणलेला असतो.
एक रागातलं. एक ठरवून.
मधे किती वर्षं, ते कलमात बघा.

म्हणालो, साहेब, चॉपर म्हणजे इथे सत्तूर,
खाटकाचं हत्यार. हत्यार म्हणजे, अवजार.
सरकारी वकील ताडकन उठले :
दुभाष्याने अर्थ लावू नये.
आत्ताच तर मागितला होता, मी म्हणालो नाही.
मान खाली घातली. एकवीस वर्षांचा सराव आहे.

साहेबांनी पेनाने टेबलावर दोनदा वाजवलं.
पंचनाम्यात आहे तोच शब्द घ्या.
स्टेनोने घेतला. सात अक्षरं, टकटक,
मधल्या दोन ‘पी’ तिने एकाच दमात मारल्या.

परकारला कळलं काहीतरी हुकलं.
उतरताना कठड्याला धरून
तो माझ्याकडेच बघून म्हणाला,
‘सत्तूर लिवलात ना? आणि मला परत कधी मिळेल तो?’
हे कुणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हतं,
म्हणून भाषांतर झालं नाही.

मिळणार नाही. निकालात शेवटी एक ओळ असते :
अपिलाची मुदत संपल्यावर
मुद्देमाल क्रमांक एक ते नऊ नष्ट करण्यात यावा.
ती ओळ मी इतक्यांदा उलथवलीय
की दोन्हीकडून सारखीच वाचता येते.

रात्री दोरी तुटली. सुनीती म्हणाली, गेला तुमचा चॉपर.
मी विळी काढली, पाट घेतला,
कांदा हातात धरला आणि विचारलं,
विळीला इंग्रजीत काय म्हणतात गं?
ती म्हणाली, काही म्हणत नाहीत. कापा.